तिसरं पाणी

तिने तो कागद दोन बोटांनी टेबलावरून सरांकडे परत सरकवला, आणि तो पुरेसा लांब गेला नाही असं वाटून पुन्हा एकदा सरकवला.

"यावर मी सही करणार नाही, सर."

सरांनी मान वर केली नाही. ते दुसऱ्याच कुठल्या तरी कागदावर पेन्सिलीने खुणा करत होते.

"नीट वाचलंत का?"

"तीनदा वाचलं."

खरं तर तिने तो एकदाच वाचला होता, तोही उभ्या-उभ्या. पण ज्या ओळीत आपलं नाव आणि 'हलगर्जी' हा शब्द शेजारी-शेजारी येऊन बसतात, ती ओळ माणसाला एका वाचनात पाठ होते. 'निरोगी गटातील नमुना क्रमांक तेवीस धुताना माझ्या हातून हलगर्जी झाल्यामुळे त्यात बाहेरील कॅल्शियम राहून गेले. सबब सदर नमुना अभ्यासातून वगळावा.' खाली सहीसाठी टिंबांची रेघ. टाइप करणाऱ्याने ती रेघ भलतीच लांब ओढली होती, जणू तिला कबूल करण्यासारखं अजून बरंच काही होतं.

"बाई, यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही." सरांचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. "ऐंशी नमुने होते. एखाद्या वेळी हात चुकतो. शुक्रवारच्या बैठकीत मला एका ओळीचं कारण द्यायचंय, बस."

"पण तो चुकलेला नाही."

"कशावरून?"

"मी तिसरं पाणी मोजलंय, सर. तेवीस नंबरचं तिसरं पाणी स्वच्छ होतं. वहीत लिहिलंय."

आता सरांनी वर पाहिलं, आणि हसले. ते हसू वाईट नव्हतं. म्हणूनच तिला ते सोसवलं नाही.

"वहीत काय हो बाई, काहीही लिहिता येतं," ते म्हणाले.

या प्रयोगशाळेत तिला सव्वीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला आठ महिने राहिले होते. तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे तिला पाठीमागे, आणि अलीकडे तोंडावरही, तिपाणीबाई म्हणत. कारण ती तांबड्या पेशींना तीन पाणी दिल्याशिवाय हातातून सोडत नसे. दोन पाण्यांत भागतं असं पुस्तकात लिहिलेलं असो, की पाहुणा शास्त्रज्ञ येऊन सांगो, बाईंचं आपलं तिसरं पाणी ठरलेलं.

काम म्हटलं तर धुण्याचंच होतं. रक्ताची नळी आली की ती सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी येतं. ते पाणी अलगद ओढून घ्यायचं, मधला पांढुरका पापुद्रा उचलायचा, तळाच्या लाल थरावर बर्फात ठेवलेलं सलाईन सोडायचं, हलवायचं, पुन्हा फिरवायचं. असं तीनदा. यात धसमुसळेपणा चालत नाही. जोरात हलवलं तर पेशी फुटतात, घाई केली तर वरचं पाणी खाली राहतं. आणि गोची अशी की पेशीच्या बाहेरच्या पाण्यात कॅल्शियम असतं हजारोपट, आत असतं नाममात्र. बाहेरचा एक थेंब जरी चिकटून राहिला तरी आतला हिशेब मातीत जातो. म्हणून ती तिसऱ्या पाण्याचा थोडा भाग बाजूला ठेवून त्यातलं कॅल्शियमही मोजून बघायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. आपलं आपल्याला कळावं म्हणून ती ते करायची, आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवायची.

सरांचा अभ्यास तीन वर्षं चालला होता. चाळीस माणसं चढलेल्या रक्तदाबाची, चाळीस निरोगी. सरांचं म्हणणं असं, की ज्यांचा दाब वाढलेला असतो त्यांच्या तांबड्या पेशींच्या आत कॅल्शियम जरा जास्त सापडतं. रक्तवाहिनीची भिंत काही माणसाच्या अंगातून काढून बघता येत नाही, पण तांबडी पेशी सुईच्या टोकावर मिळते. तिच्या आत डोकावलं की घरातला कारभार कसा चाललाय याचा अंदाज येतो, असं ते भेटायला येणाऱ्यांना फार छान समजावून सांगत. निरोगी चाळीस जण बाहेरून आणायचे कुठून, म्हणून संस्थेतलेच घेतले होते. पहिल्या दिवशी कुणी पुढे येईना, तेव्हा सरांनी स्वतः बाही वर केली होती. "पहिली नळी माझी," म्हणाले होते, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर, तेही उलटेसुलटे करून लावलेले. कुठली नळी कुणाची हे धुणाऱ्याला कळू नये असा नियम होता, आणि तो तिला मनापासून पटलेला होता.

आकडे मात्र सरांच्या मनासारखे आले होते. आलेखावर निरोगी ठिपके खाली, आजारी ठिपके वर. फक्त एक निरोगी ठिपका सगळ्या आजाऱ्यांच्या डोक्यावर चढून बसला होता. तेवीस नंबर.

सरांना काय उत्तर द्यायला हवं होतं ते तिला जिन्यात सुचलं. असली उत्तरं जिन्यातच सुचतात. तुमचं म्हणणं खरं असेल, सर, तर या तेवीस नंबरच्या माणसाचं बीपी आधी पुन्हा मोजायला हवं. आणि त्याचं बीपी खरोखर चांगलं असेल, तर तुमच्या म्हणण्यात कुठे तरी खोट आहे, ती शोधायला हवी. या दोन्हींत माझा हात आला कुठून? तिने हे मनात इतक्या ठसक्यात म्हटलं की समोरून येणारा लिफ्टवाला बाजूला झाला. या माणसाचा आपल्या सिद्धांतावर सुद्धा तेवढा विश्वास नाही, जेवढा माझ्या चुकीवर आहे. हा विचार आला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा बाहेरच्या खोलीत नवऱ्याचं दुकान उघडं होतं. तो शिंपी. घराचा पुढचा भाग मशीन, कापड आणि टाचण्यांचा, मागचा भाग दोघांचा. एक जाडजूड गिऱ्हाईक कोटाचं कापड काखेत धरून दारातच उभं होतं.

"मागच्या मापाने शिवा ना, तुमच्याकडे लिहिलेलं आहे की," गिऱ्हाईक म्हणालं.

"लिहिलेलं आहे, पण ते शिळं आहे. आत या, हात वर करा."

"मी काही जाड झालेलो नाही हो."

"मी कुठे तसं म्हटलं? टेप म्हणेल काय ते."

एरवी ती या संवादावर हसली असती. आज ती तडक आत गेली आणि चहाचं पातेलं असं काही आपटलं की बाहेरचं टेपचं काम दोन मिनिटांत आटोपलं. गिऱ्हाईक गेलं. नवरा दाराशी येऊन उभा राहिला.

"पातेल्याने काय केलं?"

"माझ्यावर खापर फोडतायत." मग तिने सगळं सांगितलं, कागदापासून वहीपर्यंत. "सव्वीस वर्षं, अहो! एक आकडा मी मनाने लिहिला असेल तर हात झडो माझा. आणि हा माणूस हसत-हसत म्हणतो, काहीही लिहिता येतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं."

"मग सही?"

"मेले तरी करणार नाही."

"नाही केलीस तर काय करतील?"

"तळघरात पाठवतील, बाटल्या विसळायला. आठ महिने काढीन मी तिथेही. पण जाताना कुणी म्हणायला नको, तिपाणीबाईंनी शेवटी-शेवटी घोळ घातला आणि सरांचा पेपर वाचवायला कबुली दिली."

नवऱ्याने गळ्यातली टेप काढून हातावर गुंडाळली. तो कमी बोलणारा होता, आणि जे बोलायचा ते बहुतेक कापडाबद्दल. "एक विचारू? तुझं धुणं बरोबर, तुझं मोजणंही बरोबर. धरून चालू. मग दुसरं माप कुणी घेतलं होतं?"

"दुसरं कुठलं?"

"बीपीचं. तो माणूस निरोगी आहे हे कुणी मोजलं? का मागच्या मापाने शिवलंय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस मान्यवर डोक्यांनी भरलेल्या त्या इमारतीत हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता, तिलासुद्धा. आपल्या हातावर बोट ठेवलं म्हणून ती नुसती आपल्याच हाताकडे बघत बसली होती.

चहा तसाच राहिला. तिने कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात खुलासा लिहिला. दोनच ओळी झाल्या. खाली सही केली, तारीख घातली, घडी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आधी आकडेवाल्या मॅडमकडे गेली. नंबरांची यादी मॅडमच्या कपाटात होती. मोजणं आणि मांडणी संपल्यावर, म्हणजे गेल्याच आठवड्यात, त्या यादीचं पाकीट फोडलं होतं.

"नाव मी सांगणार नाही, बाई," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडेही नावं नाहीत, कर्मचारी क्रमांक आहेत."

"नाव नको. बीपी किती लिहिलंय आणि कुणी मोजलंय, एवढंच सांगा."

मॅडमने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "पुरुष. वय छप्पन. एकशे अठरा, शहात्तर. कुठून घेतलं… वार्षिक तपासणीच्या फॉर्मवरून. तळमजला."

"म्हणजे अभ्यासासाठी वेगळं मोजलंच नाही?"

"निरोगी गटाचं नाही. सर म्हणाले, आपलीच माणसं आहेत, दरवर्षी तपासणी होते, तोच आकडा घ्या."

"आणि तेवीस नंबर वर आल्यावर? कुणाचं रक्त आहे हे सरांनी विचारलं नाही?"

"नाही. कुणी धुतलं ते विचारलं."

ती आभार मानायलाही विसरली.

तळमजल्यावर तपासणी करणाऱ्या सिस्टरचा आणि तिचा वीस वर्षांचा घरोबा होता. एकमेकींच्या डब्यातलं खाणं, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलणं. त्यामुळे सिस्टरने फायलींचा गठ्ठा काही न विचारता पुढ्यात ठेवला आणि मगच विचारलं, "काय शोधतेस?"

"छप्पन वर्षांचा पुरुष. एकशे अठरा, शहात्तर."

शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. फॉर्म समोर आला तेव्हा तिने वरचं नाव वाचलं, मग आकडा वाचला, मग पुन्हा नाव वाचलं. फॉर्म सरांचा होता.

त्याच्याखाली मागच्या वर्षीचा फॉर्म. एकशे अठरा, शहात्तर. त्याच्या मागच्या वर्षीचा, एकशे अठरा, शहात्तर. ती एकेक पान उलटत गेली. नऊ वर्षं दाब जागचा हलला नव्हता. वजनसुद्धा नऊ वर्षं बहात्तर किलो. सरांच्या शर्टाची मधली दोन बटणं गेली काही वर्षं वेगळंच सांगत होती, पण बटणांना कोण विचारतं?

"हे काय गं?" तिने विचारलं.

सिस्टरने आधी गठ्ठा आवरायला घेतला. "हे बघ, तुझं मी मोजते की नाही? शिपायापासून तुझ्यापर्यंत सगळ्यांचं मोजते, पाच मिनिटं बसवून मोजते. पण वरच्या मजल्यावरचे मोठे लोक खाली येतात का कधी? फॉर्म वर पाठवायचा, सही होऊन खाली येतो. आकडा नाही घातला तर कार्यालय माझ्या डोक्यावर बसतं. मग मागच्या वर्षीचा उतरवते."

"असे किती आहेत?"

"सात. सातही जणांनी सरांच्या अभ्यासाला रक्त दिलंय." सिस्टरचा चेहरा उतरला. "मी दोनदा वर जाऊन आले होते गं सुरुवातीला. बैठक चालू आहे म्हणाले. तिसऱ्यांदा नाही गेले. चुकलंच माझं."

रक्तदाबावर देशोदेशी भाषणं देणारा माणूस, आणि त्याच्या दंडाला नऊ वर्षांत पट्टा लागला नव्हता! वर मला म्हणतो, वहीत काहीही लिहिता येतं. तिला हसू येईना की रडू येईना, नुसत्या कानशिलांतून वाफा निघाल्यासारखं झालं. मग तिच्या डोळ्यांपुढे शुक्रवारची बैठक उभी राहिली. मोठा पडदा, पडद्यावर ते नऊ फॉर्म ओळीने लावलेले, आणि पहिल्या रांगेत सर. फार गोड वाटला तिला तो देखावा. बुधवार होता, दोन दिवसांचाच तर प्रश्न होता. फॉर्म पिशवीत घालून ती जिन्याकडे निघाली.

तिसऱ्या पायरीवर तिचे पाय थांबले. एका नळीवरून कुणी आजारी ठरत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण मोजून बघा, एवढं तर त्या नळीने बजावून सांगितलं होतं. आणि नळी खरं बोलत असेल तर हा माणूस आज, उद्या आणि परवा तसाच हिंडणार होता, जिने चढणार होता, भाषणाची तयारी करत जागणार होता. आपल्याला पडद्यावरची मजा बघायला मिळावी म्हणून. असला विचार आपल्याला करावा लागतो याचासुद्धा तिला संताप आला. ज्याने आपल्या अब्रूवर टाइप केलेला कागद ठेवला, त्याच्या नाड्यांची काळजी वाहायची! ती परत खाली आली, सिस्टरच्या पाऱ्याच्या जुन्या मशीनवर आधी दोघींचं मोजून बघितलं, मग ते मशीन आणि स्टेथोस्कोप उचलला, आणि लिफ्टने वर गेली.

"आणलंत का सही करून?" सरांनी विचारलं.

"त्याआधी एक काम आहे. तुमची वार्षिक तपासणी राहिलीय. बाही वर करा."

"बाई, आत्ता? मला एक वाजता—"

"पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग दोन मिनिटं मोजायचं. एवढंच आहे."

तिचा स्वर त्यांना नवा असावा. त्यांनी हसत बाही वर केली, पाय सोडून नीट बसले, आणि लगेच बोलायला लागले. "गंमत बघा, या खोलीत बसून मी जगाला सांगतो—"

"बोलायचं नाही, सर. बोललं की दाब वाढतो. तुम्हीच लिहिलंय."

भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं जाईपर्यंत ती उभी राहिली. सव्वीस वर्षांत सर तिच्यासमोर इतका वेळ कधी गप्प बसले नव्हते. मग तिने पट्टा गुंडाळला, स्टेथोस्कोपचं टोक त्यांच्या कोपराच्या खळगीत दाबून धरलं, आणि दुसरी बाजू त्यांच्यापुढे केली.

"तुम्ही ऐका. मी ऐकलं तर म्हणाल, काहीही सांगते."

सरांनी ती कानात घातली. तेव्हाही ते हसतच होते. तिने फुगा दाबला, पारा दोनशेच्या वर नेला आणि हळूहळू हवा सोडली. दोनशे. एकशे अठ्ठ्याण्णव. एकशे चौऱ्याण्णव. एकशे ब्याण्णवला सरांच्या पापण्या हलल्या आणि हसू जागीच थांबलं. पारा टिचक्या मारत उतरत राहिला. एकशे सोळापर्यंत त्यांचा चेहरा ऐकत होता.

"पट्टा सैल असेल," ते म्हणाले.

तिने पट्टा काढला, त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा गुंडाळला. एकशे नव्वद, एकशे चौदा. मग दुसरा हात झाला. त्याही हाताने तेच सांगितलं.

"मशीन जुनं आहे."

"आत्ताच खाली याच मशीनने माझं एकशे सव्वीस दाखवलं, सिस्टरचं एकशे बत्तीस." तिने पिशवीतून फॉर्म काढले आणि टेबलावर एकाखाली एक मांडले. "नऊ वर्षांचे आहेत, सर. सगळे तुमच्या सहीचे. आणि तेवीस नंबरची नळी तुमची आहे."

सरांनी फॉर्म पाहिले. एक, दुसरा, तिसरा. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याची तिने कल्पनाच केली नव्हती. ते खुलले. त्यांनी झडप घालून आलेखाचा कागद ओढला.

"म्हणजे तेवीस नंबर निरोगी नव्हताच! बाई, लक्षात येतंय का? तो ठिपका चुकीचा नाही, तो बरोबर जागी बसलाय! रक्तदाब माहीत नसताना पेशीने आधी सांगितलं! अहो, हा तर—"

"सर!"

तो आवाज बाहेर व्हरांड्यात सुद्धा ऐकू गेला असेल. सरांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"तो ठिपका नाही, तुमचा दंड आहे! काल मला चोर ठरवलंत, आता मोजलं तर ठिपका बरोबर म्हणून नाचताय. आलेख जाऊ दे चुलीत. एकशे ब्याण्णव आहे तुमचं. कळतंय का, कुणाचं आहे ते?"

वर केलेल्या बाहीखालच्या आपल्या दंडाकडे ते बघत राहिले. पट्ट्याचे वळ उठले होते. हळूच त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग विद्यार्थ्याने विचारावं तसं विचारलं, "किती वर्षं झाली असतील?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कुणी मोजलंच नाही."

तिने फोन उचलून ओपीडीत लावला आणि डॉक्टरांना ताबडतोब वर यायला सांगितलं. सर उठायला लागले तशी तिने हाताने खूण करून त्यांना बसवलं.

"माझ्यासारखे अजून असतील," ते म्हणाले. "फॉर्म उतरवलेले."

"सात आहेत. तुम्हाला धरून."

"सातही निरोगी गटात?"

"सातही."

तीन वर्षांचं काम कुठल्या पायावर उभं आहे, हे त्यांना आता दिसत असावं. ते वाद घालतील असं तिला वाटलं, पण त्यांनी आलेखाचा कागद बाजूला सारला. टेबलाच्या कोपऱ्यात तो टाइप केलेला कागद तसाच पडला होता, टिंबांच्या रेघेसकट. त्यांची नजर तिकडे गेली.

"तो खुलासा…"

"लिहिलाय मी." तिने पिशवीतली घडी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती उलगडली. 'नमुना क्रमांक तेवीस तीन वेळा धुतला. तिसरे पाणी स्वच्छ होते व आकडा बरोबर आहे.' त्यांनी सही पाहिली, मग तारीख.

"ही कालची तारीख आहे."

"हो."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, कुणाचं आहे."

"कुणाचं का असेना, सर. मी हेच लिहिलं असतं."

सरांनी कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली आणि हातातच धरून ठेवली. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि ओपीडीतले डॉक्टर आत आले, जिना चढून आल्यामुळे धापा टाकत, काखेत नोंदीचा गठ्ठा. सरांना खुर्चीत टेकून बसलेलं पाहून ते थोडे गडबडले, नमस्कार केला, आणि उभ्याउभ्याच कोरा फॉर्म काढून पेनचं टोपण उघडलं.

"किती आलं बाई?" त्यांनी विचारलं. "सांगा, लिहून घेतो."

तिने मशीन उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

"मोजा," ती म्हणाली.